ऑस्कर माशाला जिवंत गोल्डफिश घालताय? जरा थांबा
ऑस्कर घेतला की दुकानवाला हमखास पिशवीभर छोटे गोल्डफिश पण गळ्यात मारतो, 'टाका हो, मस्त शिकार करतो'. अहो शिकार कसली, बंद टाकीत त्या बिचाऱ्याला पळायला जागा तरी असते का? आणि ऑस्करचाही फायदा नाहीच, गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते व्हिटॅमिन बी1 नासवतं, त्यामुळे रोज तेच खाऊन तो हळूहळू आजारी पडतो. शिवाय दाटीवाटीच्या टाकीतले असले तर इक, म्हणजे तो अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, फुकटात घरी येतो. त्यापेक्षा पेलेट्सची, म्हणजे माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची, सवय लावा, दोन-तीन दिवस रुसून बसेल, बसू दे, तेवढ्याने मरत नाही. मधूनच एखादं गांडूळ द्या, फक्त औषध न मारलेल्या मातीतलं, आणि धुऊन.