रोमन काचकुप्या हाताळताना या चुका टाळा

नव्या संग्राहकाच्या हाती रोमन काळातली अत्तराची कुपी पडली, की तो आधी तिला अंघोळ घालतो. कृपा करून घालू नका.

मीही घातली होती. बोटभर उंचीची कुपी, अंगावर मातीचं पुट. साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवली. सकाळी पाहतो तर कांद्याच्या सालीसारखे मोरपंखी पापुद्रे पाण्यावर तरंगतायत आणि तळाशी खरबरीत, निस्तेज काच. बायको म्हणाली, "स्वच्छ तर झाली!" ती इंद्रधनुषी झाक रोमन कारागिरांनी दिलेली नव्हतीच. जमिनीतली ओल शतकानुशतकं काचेतला सोडा ओढून नेते, मागे सिलिकाचे पातळ थर उरतात आणि त्यांच्यावरून परतणारा उजेड रंग दाखवतो. म्हणजे मी धुऊन काढला तो मळ नव्हता, काचच होती.

आता मी मेकअपचा मऊ ब्रश वापरतो, तोही कोरडा, खाली काळं फडकं अंथरून. फडक्यावर चमकी दिसली की हात आखडतो. तोंडाशी बसलेली माती टोकरत नाही. तेलाचे, लेपाचे अंश असलेच तर तिथेच असतात, आणि प्रयोगशाळेला तेच हवे असतात.

'अश्रुकुपी' हा शब्द विसरा. नातेवाईक यात आसवं साठवून थडग्यात ठेवत, ही गोष्ट विक्रेते अजून रंगवून सांगतात. थडग्यात कुप्या सापडतात कारण अंत्यविधीला सुगंधी तेल लागे.

मोडलेल्या गळ्याला सुपरग्लू? नको. पॅरालॉइड बी-७२ हा जुन्या वस्तू जोडायला वापरतात तो चिकटपदार्थ लावा, चुकलं तर ॲसिटोनने सुटतो.

झाक आहे म्हणजे माल अस्सल, असंही नाही. १८९०च्या दशकात टिफनी या अमेरिकी काचकाराने धातूंचे क्षार वापरून तशीच झाक आणली होती, मग नकली माल करणाऱ्याला काय अवघड!

उत्तर इटलीतल्या पक्ष्याच्या आकाराच्या कुपीची शेपटी मोडकी दिसली, की "जोडून घेऊ का?" विचारणारे भेटतात. अहो, आत पावडर भरून शेपटीचं टोक वितळवून बंद केलेलं असे. वापरायची तर ते मोडावंच लागे!

आणि सीरियाकडच्या जोडनळीच्या सुरमेदानीत कांस्याची सळई अडकलेली असेल तर ओढू नका. माझ्या एका उतावळ्या मित्राने ओढली. सळई आली, नळीचा काठही आला.