सिलिंडर बदलण्याआधी : जिनिंगमध्ये या चुका टाळा

हिंगणघाट असो, वणी असो की अकोट, जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात) मशीन अडली की पहिलं वाक्य ठरलेलं : "सिलिंडर गेला न भाऊ!" बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

हवा, तेल किंवा वीज यांच्या जोरावर सरकवणारा, उचलणारा, फिरवणारा भाग म्हणजे ॲक्च्युएटर. झडप उघडणारा हवेचा छोटा सिलिंडर ॲक्च्युएटरच, आणि १७० किलोची रुईगाठ दाबणारा हायड्रॉलिक रॅम, म्हणजे तेलाच्या दाबावर सरकणारा जाड दांडाही.

पाना हातात घेण्याआधी मशीनमध्ये कुणाचा हात नाही हे बघा आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हवरचं (सिलिंडरला हवा सोडणाऱ्या विजेच्या झडपेवरचं) बारीक बटण दाबा. सिलिंडर हलला, तर दोष विजेच्या बाजूला : कॉइल, सेन्सर, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर. नाही हलला, तर हवेचं प्रेशर बघा, तेही कंप्रेसरजवळ नाही, मशीनजवळ. ६३ मिमीचा सिलिंडर ६ बार प्रेशरवर साधारण १९० किलोचा जोर देतो. ३ बारवर निम्माच. त्यात नवं सील किट (गळती अडवणाऱ्या रबरी रिंगांचा संच) काय करणार? सिलिंडर नुसता मंदावला असेल, तर एक्झॉस्टचा, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते तिथला सायलेन्सर काढून बघा. जिनिंगमध्ये तो रुईच्या तुसाने हमखास बुजतो.

कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा. एवढंही होत नाही, हे नवलच.

खरी महागडी चूक सीझन संपल्यावर होते. गाठी दाबायची प्रेस बंद करताना रॅम बाहेरच राहतो, पावसाळाभर गंजतो, त्यावर खड्डे पडतात. दिवाळीच्या सुमारास प्रेस सुरू केली की तेच खड्डे सील कापतात, आणि नवं किटही टिकत नाही. रॅम आत घ्या. जो भाग उघडा राहीलच, त्याला ग्रीस लावा.

एप्रिल-मेच्या उन्हात प्रेसचं तेल थंड करणाऱ्या कूलरची जाळी तुसाने भरली की तेल तापून पातळ होतं, प्रेशर बनत नाही. मग कुणीतरी रिलीफ व्हॉल्व्ह आवळतो. तो तिथे प्रेशर हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून आहे, त्याला हात लावू नका. जाळी साफ करा.

हायड्रॉलिक पाइपची बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाचं तेल कातडीत शिरलं तर जखम टाचणीएवढीच दिसते, फारशी दुखतही नाही. तरी त्याच तासाला सर्जन असलेला दवाखाना गाठा.