एमपॉक्सच्या साथीत लस कोणाला, केव्हा आणि कशी द्यावी

जागतिक आरोग्य संघटनेने १४ ऑगस्ट २०२४ रोजी एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) या विषाणूजन्य आजाराबाबत जागतिक आणीबाणी जाहीर केली, तेव्हा काँगो लोकशाही प्रजासत्ताकात रुग्ण झपाट्याने वाढत होते. ५ ऑक्टोबरला गोमा शहरात लसीकरण सुरू झाले, तरी डोस मोजकेच होते.

अशा वेळी सरसकट लसीकरणाचा आग्रह धरू नये. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरातील माणसांची, लैंगिक जोडीदारांची आणि शुश्रूषा करणाऱ्यांची यादी त्याच दिवशी करावी. माझ्या मते मोहिमेचे यश लशीइतकेच या यादीवर अवलंबून असते. नावे विचारताना गुप्तता पाळली नाही, तर लोक संपर्क लपवतात. संपर्कानंतर शक्यतो ४ दिवसांत, आणि लक्षणे नसल्यास १४ दिवसांपर्यंत, लस द्यावी. आजार सुरू झाल्यावर ती उपचार ठरत नाही.

एमव्हीए-बीएन या एमपॉक्सविरुद्धच्या लशीची गोठवलेली कुपी पूर्ण वितळू द्यावी, हलक्या हाताने गोल फिरवावी, जोराने हलवू नये, आणि ०.५ मिलिलीटर मात्रा दंडात त्वचेखाली टोचावी. वितळलेली कुपी पुन्हा गोठवू नये. दुसरा डोस ४ आठवड्यांनी द्यायचा असल्याने त्याची तारीख पहिल्याच भेटीत कार्डावर लिहावी.

मुलांसाठी जपानची एलसी१६एम८ ही एका डोसची लस उपयोगी पडते. मात्र तिच्यातील विषाणू शरीरात वाढू शकत असल्यामुळे गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना ती देऊ नये.