खोक्यावर लिनक्सचं नाव नसलेला वायरलेस माउस लिनक्सवर कसा चालवायचा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून अनेकांनी धडधाकट पण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे तिचे लिनक्स मिंट किंवा उबुंटू हे प्रकार, टाकले. त्यानंतर हमखास येणारी अडचण वायरलेस माउसची. खोक्यावर विंडोज, मॅक आणि क्रोमओएस एवढीच नावं असतात, कंपनीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर इन्स्टॉल होत नाही, आणि माणूस दुसरा माउस घ्यायला निघतो. तसं करू नका. त्या खोक्यावर नसतो तो कंपनीच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट. माउस चालायला ते सॉफ्टवेअर लागतच नाही.

कारण सोपं आहे. माउस आणि कीबोर्डसाठी यूएसबीत एचआयडी नावाचं एक सामाईक मानक आहे. माउस किती सरकला, कुठलं बटण दाबलं, चाक किती फिरलं हे कॉम्प्युटरला कसं कळवायचं ते त्यात ठरवून दिलंय, आणि ते विंडोजइतकंच लिनक्सलाही समजतं. माउसचे संदेश घेणारा, यूएसबीला लावायचा छोटा तुकडा म्हणजे रिसीव्हर. लॉजिटेक कंपनीच्या युनिफाइंग प्रकारच्या रिसीव्हरसाठीचा खास ड्रायव्हर तर जानेवारी २०१२मध्ये आलेल्या ३.२ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्समध्येच आहे. कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे उरतात दोन कामं: माउस आणि रिसीव्हरची जोडणी म्हणजे पेअरिंग, आणि जादा बटणं, डीपीआय (म्हणजे माउसची संवेदनशीलता) वगैरेंची सेटिंग्ज. दोन्हींना लिनक्समध्ये पर्याय आहेत.

खालच्या पायऱ्या लिनक्स मिंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. उबुंटूत मेनूंची नावं थोडी बदलतील, एवढंच.

पायरी १: तुमचा माउस कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

माउस उलटा करा. बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडा आणि आत नीट बघा, कारण नखाएवढा यूएसबी रिसीव्हर पुष्कळदा त्या कप्प्यातच खोचलेला असतो आणि लोक तो खोक्यात शोधत बसतात. नव्या माउसच्या बॅटरीवर प्लॅस्टिकची पट्टी असते, ती ओढून काढा. खालचा स्विच ऑन करा.

आता रिसीव्हरवरची खूण बघा. केशरी रंगाची, सूर्यासारखी टोकं असलेली खूण म्हणजे लॉजिटेकचं युनिफाइंग, २००९पासूनचं, एका रिसीव्हरवर सहा उपकरणं घेणारं. हिरवी, विजेसारखी खूण म्हणजे २०२१मध्ये आलेलं बोल्ट. दोन्ही एकाच कंपनीची असली तरी बोल्टचा माउस युनिफाइंगच्या रिसीव्हरशी जोडला जात नाही, उलटही नाही. काहीच खूण नसेल तर तो बहुधा स्वस्तातला, फक्त आपल्या माउसपुरता रिसीव्हर. आणि रिसीव्हरच नसेल तर माउस ब्लूटूथचा.

पायरी २: रिसीव्हर लावा आणि माउस हलवा

बहुतेक वेळा काम इथेच संपतं. रिसीव्हर आणि माउस कारखान्यातून जोडूनच येतात, त्यामुळे बाण लगेच हलायला लागतो.

नाही हलला, तर आधी एकच गोष्ट तपासा: रिसीव्हर कॉम्प्युटरला दिसतोय का? टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा, एलएसयूएसबी ही पाच अक्षरं रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा आणि एंटर दाबा. यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी येईल. त्यात 'लॉजिटेक, युनिफाइंग रिसीव्हर' अशी ओळ आणि तिच्यात ०४६डी:सी५२बी असा क्रमांक दिसला तर रिसीव्हर ठीक आहे. पहिला भाग लॉजिटेकचा, दुसरा त्या रिसीव्हरचा. बोल्ट असेल तर दुसरा भाग सी५४८ असतो. इतर कंपनीच्या रिसीव्हरचं नाव काहीतरी अनोळखी असेल, म्हणून रिसीव्हर काढून एकदा आणि लावून एकदा यादी बघा. जी ओळ नव्याने आली ती तुमची. एकही ओळ वाढली नाही तर दोष पोर्टचा किंवा रिसीव्हरचा, लिनक्सचा नव्हे. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा.

पायरी ३: रिसीव्हर दिसतो, पण माउस मुका

म्हणजे दोघांची जोडणी तुटलीय, किंवा माउस एका संचातला आणि रिसीव्हर दुसऱ्यातला आहे. लॉजिटेकसाठी इथे सोलार हा मोफत प्रोग्रॅम कामाला येतो. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा, इन्स्टॉल करा. मग रिसीव्हर एकदा उपसून परत लावा. ही गोष्ट वगळू नका. रिसीव्हरशी बोलायची परवानगी इन्स्टॉल होताना तयार होते, पण ती लागू होते रिसीव्हर नव्याने लावल्यावर.

सोलार उघडलं की डाव्या बाजूला रिसीव्हर दिसेल. त्यावर क्लिक करून नवं उपकरण पेअर करायचं बटण दाबा. युनिफाइंग असेल तर माउस खालच्या स्विचने बंद करून पुन्हा चालू करा. काही सेकंदांत त्याचं नाव यादीत येतं. आधीपासून चालू असलेला माउस तसाच ठेवलात तर काहीच होणार नाही, तो बंद-चालू करणं हाच त्याला मिळणारा इशारा आहे. बोल्टची तऱ्हा वेगळी: माउसवरचं जोडणीचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून ठेवायचं. मग स्क्रीनवर डावं, उजवं, उजवं, डावं असा क्रम येतो, तो माउसच्या बटणांनी तसाच दाबायचा आणि शेवटी दोन्ही बटणं एकदम. शेजारच्या टेबलावरचा कोणी आपलं उपकरण मध्येच घुसवू नये म्हणून ही काळजी.

पेअरिंग लिनक्सवर काही केल्या जमत नसेल, तर एक रस्ता कायम मोकळा असतो आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. युनिफाइंग आणि बोल्टमध्ये जोडणीची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहत नाही, ती रिसीव्हर आणि माउस यांच्यातच राहते. म्हणून भावाच्या नाहीतर ऑफिसातल्या विंडोज कॉम्प्युटरवर कंपनीचं सॉफ्टवेअर वापरून एकदा जोडणी करा, रिसीव्हर उपसा आणि आपल्या लॅपटॉपला लावा. चालेल. याच रस्त्याने रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर किंवा फ्रीबीएसडी ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम अशा ठिकाणीही माउस चालू होतो, जिथे कंपनीचं सॉफ्टवेअर कधीच येणार नाही.

खूण नसलेल्या स्वस्त माउसचा रिसीव्हर हरवला असेल, तर मात्र बाजारात वेगळा रिसीव्हर शोधण्यात पैसे घालू नका. तो बहुतेक वेळा जोडता येत नाही.

पायरी ४: ब्लूटूथ माउस असेल तर

माउसवरचं जोडणीचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून ठेवा, पॅनलवरच्या ब्लूटूथच्या चिन्हातून शोध घ्या, नाव आलं की पेअर करा. मग त्याच नावावर राइट क्लिक करून 'ट्रस्ट' निवडा. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर माउस आपणहून जोडला जात नाही ही तक्रार पुष्कळदा ट्रस्ट न केल्यामुळे असते.

माउसचं नाव यादीत येतच नसेल तर लॅपटॉपचं वय बघा. आजचे बरेचसे ब्लूटूथ माउस कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवर चालतात, आणि ते आलं ब्लूटूथ ४.०पासून, म्हणजे २०१०नंतर. त्याआधीच्या ब्लूटूथला असा माउस दिसणारच नाही. यूएसबीला लावायचा नवा ब्लूटूथ ॲडॅप्टर घेतला की प्रश्न मिटतो.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर एकीकडे जोडलेला माउस दुसरीकडे सुटतो, कारण ब्लूटूथची गुप्त किल्ली दोघांकडे वेगवेगळी राहते. माउसला १, २, ३ असे चॅनेल असतील तर १ विंडोजला आणि २ लिनक्सला देऊन टाका.

पायरी ५: चालतो, पण अडखळतो

बाण उड्या मारत असेल तर रिसीव्हर कुठे लावलाय ते बघा. वायरलेस माउस २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, आणि यूएसबी ३.०चे पोर्ट व केबल याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. शेजारच्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क असेल तर संशय तिच्यावरच घ्या. रिसीव्हर निळ्या, म्हणजे बहुधा यूएसबी ३.०च्या, पोर्टमधून काढून काळ्या पोर्टमध्ये लावा, किंवा लहानशी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन तो माउसजवळ आणा. स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे.

थोडा वेळ हात न लावल्यावर माउस क्षणभर झोपून मग जागा होत असेल, तर तो वीजबचतीचा परिणाम. वीज वाचवणारा पॉवरटॉप हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यातल्या 'ट्यूनेबल्स'मध्ये माउस किंवा रिसीव्हरच्या ओळीवर एंटर दाबून 'गुड'चं 'बॅड' करा. नाव वाईट वाटलं तरी अर्थ एवढाच की तिथे वीज वाचवायची नाही. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर हे पुन्हा करावं लागतं.

पायरी ६: डीपीआय, जादा बटणं आणि रिसीव्हरची सुरक्षा

बाणाचा वेग, चाकाची बारीक हालचाल आणि बॅटरी किती उरली हे सोलारमध्येच दिसतं; माउस ज्याला पाठिंबा देतो तेवढीच सेटिंग्ज तिथे येतात. गेमिंग माउससाठी पायपर हा प्रोग्रॅम घ्या. लॉजिटेकशिवाय इतर काही कंपन्यांचे माउसही त्यात येतात.

जुना युनिफाइंग रिसीव्हर वापरत असाल तर त्याचं फर्मवेअर, म्हणजे रिसीव्हरच्या आतलं सॉफ्टवेअर, जरूर अपडेट करा. २०१६मध्ये माउसजॅक नावाची त्रुटी उघड झाली: जवळपासचा माणूस अशा रिसीव्हरमधून तुमच्या कॉम्प्युटरवर कीबोर्डची अक्षरं घुसवू शकतो. लॉजिटेकने त्यावर दुरुस्ती काढली, आणि ती विंडोजशिवायही मिळते. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून जीनोम फर्मवेअर हा प्रोग्रॅम घ्या, रिसीव्हर यादीत दिसला आणि अपडेट असेल तर ते टाका. ते पूर्ण होईपर्यंत रिसीव्हरला हात लावू नका आणि तेवढा वेळ टचपॅडने काम चालवा.