बुडी मारायच्या आधी जोरजोरात श्वास घेताय? श्वासाच्या बाबतीत या चुका टाळा

उन्हाळा लागला की आपल्याकडे नाशिकला पोरं गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) पडीक. गांधी तलावाजवळ बघा, बुडी मारायच्या आधी दहा-वीस जोरदार श्वास घेतात आणि मग खाली जास्त वेळ कोण राहतं याची पैज. ही सगळ्यात जीवघेणी चूक आहे, कृपया पोरांना सांगा.

श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. तो रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतो, तिथे आम्लता वाढते आणि लंबमज्जेतल्या (मेंदूच्या तळाचा भाग) पेशींना ते लगेच कळतं. रक्तात त्याचा दाब नॉर्मली पाऱ्याच्या 35 ते 45 मिमी एवढा. जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढतच नाही कारण हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं, पण कार्बन डायऑक्साइड मात्र पार कमी होतो, मग पाण्याखाली ऑक्सिजन तळाला गेला तरी दम लागल्यासारखं वाटत नाही आणि माणूस एकदम बेशुद्ध होतो.

मानेत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो ना? असतो, कॅरोटिड बॉडी, तांदळाच्या दाण्याएवढी (यावरच्या कामासाठी शास्त्रज्ञ हेमन्स यांना 1938 चं नोबेल मिळालं). पण ती जोरात जागी होते रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब 60 मिमीच्या आसपास उतरल्यावर, आणि कार्बन डायऑक्साइड कमी असला की तिचाही आवाज दबतो.

दुसरी चूक घरातली. सीओपीडीच्या (फुफ्फुसातल्या श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) पेशंटला धाप लागली की नातेवाईक काळजीपोटी ऑक्सिजन वाढवतात. आमच्या शेजारच्या काकांचं असंच झालं, ऑक्सिमीटरवर 98 बघून सगळे खूश आणि काका मात्र गुंगीत. अशा पेशंटला साधारण 88 ते 92 टक्के ठेवतात, त्याच्या वर नेलं तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. आणि तो ऑक्सिमीटरवर दिसतच नाही, त्यासाठी धमनीतलं रक्त घेऊन एबीजी ही रक्तातले वायू मोजणारी तपासणी करावी लागते. झोपाळूपणा, सकाळी डोकं दुखणं, बरळणं दिसलं तर लगेच डॉक्टरकडे न्या, ऑक्सिजनचं मशीन आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.

घाबरून श्वास वाढला, बोटांना मुंग्या आल्या की कागदी पिशवी तोंडाला लावतात, तेही नको, कारण तो दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर पिशवीत ऑक्सिजन आणखी कमी होतो. शेजारी बसा, हळूहळू श्वास सोडायला सांगा, छातीत दुखत असेल तर 108 ला फोन करा.