संत्र्याच्या सालीचं वासाचं पाणी: शेगडीवर ठेवायची खरी पद्धत

ऑक्टोबर लागला की आमच्या विदर्भातल्या वरूड-काटोलच्या पट्ट्यात घराघरात एकच वास असतो, ओलीचा. चार महिने भिंतींनी पाणी प्यालेलं असतं, गोधड्या कुबट झालेल्या असतात, त्यात सोयाबीन निघालं की भाव येईस्तोवर पोती माजघरातच पडून राहतात आणि त्यांचा धुळकट दमट वास पार कपाटातल्या लुगड्यांपर्यंत जातो. दारं-खिडक्या उघडा, गोधड्या उन्हात टाका, पोत्यांखाली फळ्या द्या, हे आधी, त्याला पर्याय नाही. त्यानंतर घराला चांगला वास यावा म्हणून मी स्प्रेची बाटली आणत नाही, गॅसवर संत्र्याच्या सालीचं पाणी ठेवते. शहरात ह्याला पॉटपुरी म्हणतात, आमच्या घरी नुसतं वासाचं पाणी. सात-आठ वर्षं झाली, कोजागिरीपासून दिवाळी उरकेस्तोवर आठवड्यातून दोनदा तरी ठेवतेच.

मोबाईलवर बघून करायला गेलात तर सफरचंद आणा, रोझमेरी आणा, व्हॅनिला आणा असं सांगतात. गावात हे मिळत नाही आणि ह्याची गरजही नाही. आपल्याकडच्या शरदाचा वास म्हणजे आंबिया बहाराचं, हिवाळ्याच्या शेवटी फुलून आता निघणारं संत्रं, बाकी सगळं त्याच्या मागे.

सामान सांगते. दीड लिटर पाण्याला तीन संत्र्यांची साल, बोटाएवढे दालचिनीचे दोन तुकडे, सहा-सात लवंगा, चहात वापरून उरलेली वेलदोड्याची टरफलं, अंगठ्याएवढं आलं ठेचून, एक चमचा नागरमोथा, कापूरकाचरीचे दोन-तीन तुकडे, गवती चहाची आठ-दहा पानं आणि तुळशीची एक काडी. नागरमोथा आणि कापूरकाचरी दिवाळीच्या उटण्यासाठी घरात येतेच, त्यातलीच थोडी बाजूला काढायची, पण अख्खी, कुटलेली नको. कुठलीही पूड ह्यात टाकायची नाही. पूड तळाशी बसते, तिचा चिखल होतो आणि तो चिखल आधी करपतो. दालचिनी बाजारातली जाडी, खरखरीत, स्वस्त वाली घ्या, ह्या कामाला तीच चांगली, पातळ महागाची उगाच पाण्यात घालू नका.

सालीबद्दल मात्र थोडं बोलावं लागेल. ऑक्टोबरात संत्रं वरून हिरवंच असतं, रात्री थंड व्हायला लागल्या की मग पिवळं-नारिंगी होतं, म्हणून हिरवी साल बघून फेकून देऊ नका, उलट तिचा वास जास्त तिखट, जास्त मोकळा असतो. साल वाकवून उन्हात धरा, वरच्या अंगावर बारीक बारीक ठिपके दिसतील, ती तेलाची पिशवी. लहानपणी दिव्याच्या ज्योतीजवळ साल पिळून तडतड ठिणग्या उडवलेल्या असतील तुम्हीही, ते जळतं ते हेच तेल. सगळा वास त्या ठिपक्यांत आहे, आतल्या पांढऱ्या भागात काहीच नाही, तो शिजला की फक्त कडवट वास देतो. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि ढिली, त्यामुळे पांढरं कमी असतं, चमच्याच्या कडेने एकदा खरवडलं की झालं. मोसंबीला पांढरं जाड असतं, ती घेतलीत तर जास्त खरवडावं लागतं, मी घेतच नाही.

ज्यांच्या वावरात संत्रा आहे त्यांच्यासाठी आणखी एक. आंबियाची फळगळ किती जीव जाळते ते आम्हाला माहीत आहे, झाडाखाली सडा पडलेला बघवत नाही. त्या गळीच्या फळांतली जी टणक आहेत, देठाजवळ काळी-तपकिरी पडलेली नाहीत, त्यांची साल ह्या कामाला एकदम चालते. देठाकडून मऊ पडलेलं एकही फळ घेऊ नका, एका सडक्या सालीने अख्ख्या भांड्याला बुरशीचा वास येतो. आणि नुकतीच फवारणी झाली असेल तर त्या झाडाची सालही नको, पानंही नको. बाकी वेळेला कोमट पाण्यात मीठ टाकून साल हाताने चोळून धुवायची. हे पाणी प्यायचं नाही, हा काढा नव्हे, घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा कारण वासावरून त्यांना ते सरबतच वाटतं.

भांडं स्टीलचं, उभट, जाड बुडाचं. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं नको, आंबट त्याला खातं. कल्हई गेलेल्या पितळेत तर अजिबात नको, कळकतं. पसरट कढई घेतली तर पाणी तासाभरात उडून जातं.

आता आच. सगळं काम इथेच बिघडतं आणि ह्याच गोष्टीवर कोणी धड बोलत नाही, सगळे "उकळी आणा आणि मंद करा" म्हणून मोकळे होतात. मी पहिली दोन वर्षं असंच करत होते, सगळं सामान एकदम टाकायचं, गॅस मोठा, खळखळ उकळी, पहिली पंधरा मिनिटं घर असं घमघमायचं की सपरीत, म्हणजे ओसरीवर बसलेली माणसं विचारायची काय करताय, आणि अर्ध्या तासात वास पार बदलायचा, कडू, शिजल्यासारखा, सर्दीच्या काढ्यासारखा. मला वाटायचं साल कमी पडली, म्हणून मी अजून साल टाकायची आणि ते अजून कडू व्हायचं. कारण समजायला फार वेळ लागला. सालीतलं तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि वाफेबरोबर निघून जातं. ते एकटं तापवलं तर १७६ अंशांच्या आसपास उकळतं, पण पाण्याच्या वाफेचा हात धरून शंभरच्या आतच उडतं. म्हणजे खळखळ उकळलं की सगळं तेल पंधरा-वीस मिनिटांत खिडकीबाहेर, आणि मागे उरतो तो पांढऱ्या भागाचा कडवटपणा. पाणी थरथरतं ठेवलं तर तेच तेल दोन-अडीच तास पुरतं.

थरथरतं म्हणजे काय ते नीट बघून घ्या. तळाशी मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतील, मधूनच एखादा सुटून वर येईल, पाण्याचा वरचा थर हलेल पण फुटणार नाही, आणि वाफ वर जाताना सरळ बारीक धारेसारखी दिसेल. साली जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. साली गोल गोल फिरायला लागल्या की समजा आच जास्त झाली.

अडचण अशी की घरच्या गॅसचं लहान बर्नर अगदी सिमवर केलं तरी दीड लिटर पाण्याला ते जास्तच होतं. मी बारीक करून करून गॅस विझवून टाकायची, एकदा तर वाऱ्याने विझला आणि कळलंच नाही, घरात गॅसचा वास. ते फार धोक्याचं आहे, ज्योत अगदी टिचभर करून ठेवून दुसऱ्या कामाला लागू नका. शेवटी सासूबाई वैतागून म्हणाल्या, "अवं माय, बासुंदीले ठेवतो ना आपण तवा खाली, तसाच ठेव ना!" भाकरीचा जुना जाड लोखंडी तवा बर्नरवर, त्यावर भांडं, ज्योत लहान पण स्थिर. बस. दोन वर्षं जे जमत नव्हतं ते त्या एका तव्याने जमलं. तवा तापायला आठ-दहा मिनिटं जास्त लागतात, तेवढं थांबा, घाईने ज्योत वाढवू नका, कारण लोखंड एकदा जास्त तापलं की गॅस कमी केल्यावरही पुढची दहा मिनिटं ते पाण्याला उकळवत राहतं.

ज्यांच्याकडे चूल आहे त्यांना तर तव्याचीही गरज नाही. भाकरी झाल्यावर भांडं चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या लहान तोंडावर सरकवून द्या, दुधासाठी ठेवतो तसं. पऱ्हाटी-तुऱ्हाटीची, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांची आच भडकते आणि लगेच बसते, त्यावर हे होत नाही, बाभळीचा निखारा पाहिजे. धूर पूर्ण बसल्यावरच ठेवा, नाहीतर घरभर धुराचाच वास. माझ्या मते वैलावर होतं तसं गॅसवर होतच नाही.

आचेइतकाच महत्त्वाचा क्रम. सगळं एकदम टाकणं ही चूक आहे, कितीही लोकांनी सांगितलं तरी. मुळं आणि लाकूड वास सोडायला वेळ घेतात, साल मध्यम, पानं तर दहा मिनिटांत संपतात. म्हणून आधी पाण्यात नागरमोथा, कापूरकाचरी, दालचिनी, आलं टाकून तव्याशिवाय सरळ मोठ्या आचेवर दहा मिनिटं उकळा, इथे खळखळ चालते, पाहिजेच. मग भांडं उतरवा, तवा ठेवा, भांडं परत चढवा, पाणी शांत झालं की लवंगा, वेलदोड्याची टरफलं आणि निम्मी साल. उरलेली निम्मी साल तासाभराने, टाकायच्या आधी हाताने मुरगाळून, म्हणजे वास दुसऱ्यांदा उठतो. गवती चहाची गाठ मारून ती आणि तुळस पाहुणे यायच्या दहा मिनिटं आधी. झाकण ठेवायचं नाही.

फुलं टाकू का, हे हमखास विचारतात. दसऱ्याच्या तोरणाचा झेंडू पाण्यात शिजला की भाजी शिजल्यासारखा वास येतो. पारिजातकाचा सडा गोळा करून गरम पाण्यात टाकला तर पाच मिनिटांत वास मरतो, त्याला वाटीभर गार पाण्यात ठेवा, देवाजवळ. कापूर तर चुकूनही नाही, तो पेट घेतो.

पाणी दर अर्ध्या तासाने बघायचं, आणि घालायचं ते गरमच, गार घातलं तर थरथर थांबते आणि परत जमेस्तोवर वीस मिनिटं जातात. घड्याळाचा गजर लावाच. एका वर्षी मी सोयाबीनवर आलेल्या बायांना चहा द्यायला म्हणून वावरात गेले, वीस मिनिटांत येते म्हटलं आणि तास लागला. आले तर भांडं तळाशी काळं ठिक्कर, साली जळून कोळसा, आणि तो वास दोन दिवस गेला नाही, सासऱ्यांना दम्याचा त्रास, ते रात्रभर सपरीत झोपले. तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी गॅस बंद, मग चप्पल. ज्यांच्या घरात दमा किंवा तान्हं बाळ आहे त्यांनी हे पाणी तसंही त्यांच्या खोलीपासून लांब ठेवावं आणि लवंग-दालचिनी निम्मी करावी.

झालं की भांडं तसंच गार होऊ द्या. फ्रिज असेल तर झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी फक्त ताजी साल आणि पानं टाकून एकदा अजून चालतं. तिसऱ्या दिवशी नाही, आंबूस होतं. खारपाणपट्ट्यात असाल तर भांड्याला पांढरं कडं धरतं, ते ह्याच उरलेल्या सालींनी घासलं की निघतं. पाणी गाळून फरशी पुसायच्या बादलीत ओता, आणि चोथा खताच्या खड्ड्यात.