सपाट आहे म्हणून सोपं नाही! लीड्सहून कालव्याकाठी सायकल काढताना या चुका टाळा

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी चिंचवडहून मेहुणा आला होता. तिकडे रविवारी पहाटे उठून लोणावळा गाठणारा आणि जेवायला घरी परतणारा गडी. त्याला म्हटलं, इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या आपल्या लीड्सहून स्किप्टन गावापर्यंत कालव्याच्या काठाकाठाने जाऊ, सुमारे २९ मैल, म्हणजे ४७ किलोमीटर. त्याचा पहिला प्रश्न, "भाऊजी, घाट नाही ना मध्ये?" नाही म्हटल्यावर गडी खूश. "मग दोन तासांत पोचू. जेवायला स्किप्टन."

जेवायला आम्ही वाटेतल्या बिंगलीलाही पोचलो नव्हतो. स्किप्टनला पोचलो तेव्हा चहाची वेळही टळून गेली होती. त्या दिवशी आम्ही जवळजवळ सगळ्या चुका केल्या, आणि खरी गोष्ट अशी की त्यातल्या निम्म्या मी आधीही एकदा केलेल्या होत्या.

आधी हा कालवा म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या डोक्यात कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं, आवर्तन आणि 'पाणी सुटलं का' एवढंच येतं. लीड्स–लिव्हरपूल कालवा शेतीसाठी नाही, वाहतुकीसाठी खोदला. काम १७७० ला सुरू झालं, पूर्ण व्हायला १८१६ उजाडलं, लांबी सव्वाशे मैलांच्या थोडी वर. कोळसा, चुनखडी, लोकर, कापड असला माल बोटींतून जायचा आणि बोट ओढायला काठावरून घोडा चालायचा. घोड्याच्या त्या वाटेला टोपाथ म्हणतात. सायकल आपण या वाटेवर चालवतो. एका घोड्याला आणि त्याच्या मागे चालणाऱ्या माणसाला पुरेल एवढी तिची रुंदी, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक: रस्त्याचा हिशोब

रस्त्यावर ताशी २२-२५ ने जाणारा माणूस टोपाथवर १२-१३ च्या पुढे जात नाही. जाऊ नये, आणि जाताही येत नाही. दर थोड्या अंतरावर पूल, माणसं, कुत्री, फाटक, आणि लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली नेणारी दोन दारांमधली कोठी. लीड्सच्या ग्रॅनरी वार्फपासून निघालात की आर्मली मिल्सची जुनी लोकरगिरणी, कर्कस्टॉल, रॉडली, ॲपर्ली ब्रिज असं करत शहर हळूहळू सुटतं, पण पहिले दहा किलोमीटर लोक चालायला, धावायला, बाबागाडी ढकलायला आलेलेच असतात. शनिवार-रविवार असेल तर विचारू नका. म्हणून ४७ किलोमीटरला निव्वळ सायकलिंगचे चार तास धरा, आणि खाणं, फोटो, पंक्चर मिळून पूर्ण दिवस.

याहून आतली गोष्ट म्हणजे सपाट वाटेचा त्रास. चढ नाही म्हणजे उतारही नाही. घाटात माणूस धापा टाकतो, पण उतरताना पाय सोडून बसतो, ढुंगण उचलतो, हात मोकळे करतो. इथे तासन् तास एकाच बैठकीत पॅडल. बिंगलीच्या पाच लॉकच्या वर सुमारे १७ मैल एकही लॉक नाही, डोंगराच्या कडेने एकाच पातळीवर पाणी धरून ठेवलंय. ही पातळी सुटू नये म्हणून कालवा प्रत्येक ओढ्याला, प्रत्येक खोबणीला वळसा घालतो. समोर गाव दिसतं, पण ते जवळ यायचं नाव घेत नाही. मेहुण्याचे तळहात सिल्सडेन गावाच्या अलीकडे बधिर झाले. लोणावळ्याला कधी झाले नव्हते. उपाय साधा आहे: दर दहा मिनिटांनी, दमला नसाल तरी, पॅडलवर उभं राहा आणि हँडलवरची पकड बदला. सीट नेहमीपेक्षा केसभर खाली ठेवली तरी चालते, कारण सारखं उतरावं लागतं.

काटा, आणि त्याहून मोठी चूक

भाड्याची सायकल घेताना मेहुण्याने हौसेने बारीक टायरवाली घेतली. मी अडवलं नाही, ही माझी चूक. लीड्स ते शिपली-सॉल्टेर वाट पक्की आहे, तिथे काहीही चालतं. बिंगलीच्या पुढे मात्र वाट सगळीकडे सारखी नसते: कुठे बारीक खडी, पाऊस झाला असेल तर चिखल. ३५ ते ४० मिलिमीटरचं टायर आणि ४०-४५ पीएसआय हवा, एवढं असलं की बास.

काठाच्या कुंपणाला हॉथॉर्नची झुडपं असतात. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम संपला की ती यंत्राने छाटतात आणि छाटलेले काटे वाटेवर पडतात. ही झुडपं बाभळीच्या कुळातली नाहीत, पण काटा बघितलात तर भाऊबंद म्हणाल. म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी हा खास पंक्चरचा काळ.

आता ती मोठी चूक. सिल्सडेनजवळ मागचं चाक बसलं. मेहुण्याने झटपट ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. तीनशे मीटरवर पुन्हा फुस्स. काटा टायरमध्येच होता. बाहेरून त्याचं टोक तुटलेलं, आत नखाएवढं उभं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरवा. बोट फिरवू नका, बोटात काटा जातो. रुमाल जिथे अडकेल तिथे काटा. तो बाहेरून दाबून आतल्या बाजूला काढा, एक पूर्ण फेरी पुन्हा तपासा, मगच ट्यूब घाला. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, लिव्हर आणि पंप एवढं सामान हवंच. पुढचं दुकान कुठे असेल याचा नेम नाही.

भोक सापडत नव्हतं तेव्हा मेहुणा म्हणाला, "भाऊजी, घमेलं कशाला शोधताय, अख्खा कालवा आहे की!" आणि ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे आले, भोक सापडलं. पण त्याच हातांनी तो शेवेची पुडी उघडायला लागला तेव्हा मी ओरडलो. या पाण्यात उंदीर-घुशींच्या मुताने लेप्टो होऊ शकतो, मुंबईत पावसाळ्यात होतो तोच. हाताला जखम असेल तर पाण्याला हात लावूच नका, आणि खाण्याआधी बाटलीतल्या पाण्याने, साबणाने हात धुवा.

पुलाखाली घंटी

जुने दगडी पूल कमानीचे आणि बुटके असतात. खालची वाट अचानक निमुळती होते, वळते, पाण्याकडे उतरती असते, आणि कमानीपलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. आमच्याकडे सवयीने घंटी पुलाच्या तोंडाशी वाजते, तोवर उशीर झालेला असतो. वीस-पंचवीस मीटर आधी दोनदा वाजवा, वेग चालण्याइतका आणा, समोरून कुणी आलं तर थांबून त्याला वाट द्या. टोपाथवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा. या कालव्यांची देखभाल २०१२ पासून पाहणारा कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टही हेच सांगतो. सायकलसाठी परवाना लागत नाही, पण मान ठेवावा लागतो. घंटीनंतर 'थँक यू' म्हणायला विसरू नका. यॉर्कशरमध्ये नुसती घंटी म्हणजे हॉर्न, आणि हॉर्न म्हणजे भांडण.

कमानीखाली थांबलातच तर कोपऱ्याच्या दगडाला किंवा लोखंडी पट्टीला हात लावून बघा. काही पुलांवर बोटभर खोल खाचा आहेत. घोड्याच्या ओल्या दोराला वाळू चिकटायची आणि वर्षानुवर्षं घासून दोराने दगड-लोखंड कापलं. मेहुणा फोनला हात न लावता दोन मिनिटं उभा राहिला तो त्या एका जागी.

गळ टाकून बसलेले लोक दिसले की वेगळी काळजी. त्यांच्या काठ्या प्रचंड लांब असतात आणि मासा ओढताना ते काठी मागे सरकवतात, म्हणजे आडवी वाटेवर. काठीवरून सायकल नेलीत तर नवी सायकल येईल एवढं बिल समजा. लांबूनच थांबा, ते काठी उचलतील. वसंतात रानबदकांची पिल्लं आणि कॅनडा गीज, म्हणजे मोठे रानहंस, असतात. नर मान खाली घालून फुसफुसला की उतरा आणि सायकल त्याच्या बाजूला धरून चालत जा. पिल्लं आणि आई यांच्या मधून जायचं नाही.

बोटी बांधलेल्या असतील तिथे पाण्यालगतच्या गवतावरून सायकल नेऊ नका. खुंट्या आणि दोर गवतात दिसत नाहीत. पाणी कालव्यात फार खोल नसतं, पण लॉकच्या विहिरीत पडलात तर गोष्ट वेगळी, तिथून स्वतः चढून येणं फार अवघड.

बिंगलीची शिडी

बिंगलीला पाच लॉक एकाला एक लागून आहेत, १७७४ चे. पाच पायऱ्यांत बोट सुमारे १८ मीटर वर चढते, ब्रिटनमधली सगळ्यात उभी लॉकशिडी ही. शेजारची वाटही तशीच उभी. तिथे घोड्याचे खूर घसरू नयेत म्हणून काढलेल्या आडव्या दगडी कडा आहेत. पाऊस झाला असेल तर त्यांवर सायकलचं चाक साबणावर ठेवल्यासारखं सरकतं. उतरून ढकला. मेहुणा चढवायला गेला, तिसऱ्या लॉकपाशी पाय टेकला, आणि लॉककीपर हसला. मी उतरलो होतो, पण ते शहाणपणामुळे नव्हे, गुडघ्यामुळे.

इतर बारीकसारीक

वाटेत मोटारसायकली अडवायला लोखंडी चौकटी आहेत, रुंद हँडल किंवा बाजूच्या पिशव्या असतील तर अडकता. पिशवी मागे कॅरिअरवर बांधा. वारा बहुतेकदा पश्चिमेकडून येतो, म्हणजे लीड्सहून निघालात तर तोंडावर. दमणाऱ्याने उलटं करावं: आगगाडीने स्किप्टन, सायकलने परत. खाणं सोबत असू द्या. सॉल्टेरला चहा-केक मिळतो, पुढे गावातलं पब दुपारनंतर स्वयंपाकघर बंद करतं. आम्ही थालीपीठ नेलं होतं म्हणून वाचलो. हिवाळ्यात जाणार असाल तर डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो आणि टोपाथवर बहुतेक ठिकाणी दिवे नाहीत. दिवा घ्या, पण तोंड खाली करून लावा.

पडलात, लागलं, तर मी कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे. प्रत्येक पुलावर आकड्याची पाटी असते. लीड्सकडे आकडे सव्वादोनशेच्या आसपास, स्किप्टनकडे जाताना कमी होत १८० च्या खाली-वर. शेवटचा ओलांडलेला पूल लक्षात ठेवायचा, ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन करून तो आकडा सांगायचा. 'झाडाजवळ, पाण्याशेजारी' सांगितलंत तर सगळ्या यॉर्कशरमध्ये झाड आणि पाणी आहे. लीड्सहून येणारे लोखंडी मैलाचे खांबही मदत करतात: एका बाजूला लीड्स, दुसऱ्या बाजूला लिव्हरपूल, दोन्हींची बेरीज नेहमी १२७ च्या थोडी वर.

परतीची गाडी शेवटची अडचण. एअरडेल लाइन ही आगगाडीची लाइन कालव्याला समांतर आहे, म्हणून शिपली, सॉल्टेर, बिंगली, कीथली, स्टीटन अँड सिल्सडेन, कोनोनली असं मध्येच कुठेही सोडता येतं. पण प्रत्येक गाडीत सायकलींना जागा मोजकी, बहुधा दोनच, आधी येईल त्याची. बिंगलीला चढायला गेलात तर गाडी आधीच भरलेली असू शकते. स्किप्टनला मात्र कित्येक गाड्या तिथूनच सुटतात, म्हणून दहा मिनिटं आधी फलाटावर जा. आम्ही पोचलो तेव्हा दोन सायकली आधीच उभ्या होत्या. पुढची गाडी अर्ध्या तासाने होती. मेहुण्याने फलाटावर मांडी घातली, उरलेलं थालीपीठ काढलं आणि म्हणाला, "भाऊजी, उद्या चिखल धुवायला तुम्ही या. मला आता सायकल दिसली की हात दुखतो."